शेऱ्याचा रकाना

माझा व्यवसाय काय, हे सगळ्यांत नेमकं माझ्या सासूबाई सांगायच्या. ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या शेजारणी विचारायच्या, "सून रोज कुठे जाते हो?" तर त्या म्हणायच्या, "लोकांच्या घरी जाऊन चौकशा करते." शेजारणींना हे पटकन समजायचं, कारण त्याही दिवसभर तेच करायच्या. फक्त त्यांच्या चौकशांचा अहवाल कोणी छापत नव्हतं.

थोडा खुलासा करते. एखाद्या वस्तीत नळ बसवले, पण पाणी कोण भरतं आणि त्यापायी कोणाची शाळा बुडते? गावात दवाखाना आहे, तरी बायका आधी झाडफूंक करणाऱ्याकडे का जातात? असे प्रश्न सरकारी खात्यांना आणि सेवाभावी संस्थांना पडतात, निदान पडायला हवेत. मग ते आम्हाला काम देतात. आम्ही प्रश्नावली तयार करतो, घरं निवडतो, दारोदार फिरतो, आलेली उत्तरं मांडतो आणि शेवटी एक जाडजूड अहवाल लिहितो. त्याची पहिली दोन पानं वाचून लोक निर्णय घेतात. याला उपयोजित सामाजिक संशोधन असं भारदस्त नाव आहे. उपयोजित म्हणजे ज्याचा कोणाला तरी उपयोग होतो. आणि ज्याचा उपयोग होतो त्यानं नुकसानही होऊ शकतं, हे मला नोकरीच्या अगदी शेवटी कळलं.

आमची संस्था सिटी सेंटर भागात, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. शेवटची पंधराएक वर्षं माझ्याकडे एकच काम होतं, नव्या मुलामुलींना तयार करायचं. दरवर्षी आठ-दहा जण यायचे. कोणी समाजशास्त्रात एम.ए., कोणी समाजकार्याची पदवी घेतलेलं. नमुना निवडण्याचे सगळे प्रकार त्यांना तोंडपाठ असायचे, पण अनोळखी दाराची कडी वाजवण्याआधी ते गल्लीत दोन चकरा मारायचे. मी स्वभावानं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या वर्गातून बाहेर काढलेली मुलं आज चांगल्या पदांवर आहेत आणि भेटली की तीच आधी आठवण करून देतात.

पहिल्या दिवशी मी कोणालाच वर्गात बसू द्यायची नाही. सगळ्यांना टोपी बाजारात पाठवायची. एकेका दुकानासमोर अर्धा तास उभं राहायचं. वही नाही, पेन नाही, प्रश्न नाही. परत येऊन काय पाहिलं ते सांगायचं. मुलं परत येत आणि सांगत, "मैडम, दुकान है, टोपियाँ हैं, साफे हैं, ग्राहक हैं." मी विचारायची, दुकानदार कोणाला बसायला स्टूल देतो आणि कोणाला पायरीखाली उभं ठेवतो? भाव कोणाला सांगतो आणि कोणाला न विचारताच माल बांधून देतो? त्यांचे चेहरे पडायचे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा रवानगी. दुसऱ्या दिवशी बरंच काही दिसायला लागायचं.

माधवगंजात एक निवृत्त तहसीलदार होते. आमच्या कामात त्यांनी नकळत मोठी भर घातली. त्यांनी माझ्या एका प्रशिक्षणार्थीला दीड तास बसवून घेतलं आणि प्रश्नावलीतला एकेक प्रश्न आधी त्यालाच विचारला. घरात माणसं किती? शौचालय आहे का? गेल्या महिन्यात आजारी कोण पडलं? बायकोशी भांडण किती वेळा होतं? त्याचं तर लग्नही झालं नव्हतं. घामाघूम होऊन परत आला आणि म्हणाला, "मॅडम, असे प्रश्न अनोळखी माणसाला विचारायचे म्हणजे शर्म आती है." मी त्या काकांना गजकचा, म्हणजे आमच्याकडच्या तीळगुळाच्या वड्यांचा, डबा पाठवला आणि पुढे दरवर्षी नवी तुकडी मुद्दाम त्यांच्याकडे पाठवू लागले. काकांना वाटायचं, ग्वाल्हेरमधल्या प्रत्येक सर्वेक्षणात नेमकं आपलंच घर कसं निघतं.

खोटे फॉर्म पकडण्यात मात्र माझा हातखंडा होता. आमच्या धंद्यातला हा जुना रोग. उन्हात फिरण्यापेक्षा एखाद्या झाडाखाली बसून दहा फॉर्म भरून टाकायचे. एका वर्षी एका हुशार मुलाचे फॉर्म माझ्या हातात आले. सुरेख अक्षर, एकही रकाना रिकामा नाही. वयं होती सदतीस, एकेचाळीस, त्रेपन्न, एकोणतीस. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, "किती घरं फिरलास?" कारण खऱ्या माणसांना आपलं वय असं नेमकं ठाऊक नसतं. खरी माणसं सांगतात चाळीस, पन्नास, फार तर पंचेचाळीस. नेमकी वयं मनानं रचणारा सांगतो. तो मुलगा मान खाली घालून निघून गेला, तो पुन्हा या क्षेत्रात आलाच नाही. आता सिटी सेंटरलाच विमा विकतो, भेटला तर नमस्कार करतो. खोली बंद करून मी त्याला एकट्याला बोलायला हवं होतं. त्याची चूक सुधारता आली असती. पण तेव्हा मला माझ्या नजरेचा अभिमान होता आणि तो वर्गाला दाखवायचा होता.

या अभिमानानंच पुढे माझे डोळे झाकले. मी आयुष्यभर खोटं शोधत राहिले. त्यामुळे सगळ्यांनी खरंच लिहिलेलं असतं तेव्हा काय चुकू शकतं, याचा मी विचारच केला नव्हता.

माझ्या निवृत्तीला तीन-चार महिने राहिले होते. एका सेवाभावी संस्थेचं काम आलं. शहरातल्या एका टेकडीवर दाट वस्ती आहे, पायथ्याशी त्या संस्थेचं पाळणाघर होतं. काम करणाऱ्या आयांची लहान मुलं सांभाळायला सुरू केलेलं. पण मुलं येत नव्हती. मोठ्या खोलीत चार-पाच मुलं आणि दोन मदतनीस बायका. ज्यांच्या देणगीवर ते चालायचं, त्यांनी विचारलं, वस्तीला याची गरज तरी आहे का? नसेल तर बंद करू, त्या खोलीत शिलाईचा वर्ग काढू. गरज आहे की नाही हे आम्ही सांगायचं होतं.

त्या वर्षीची तुकडी आठ जणांची. त्यांतली एक केतकी मोहिते. तिचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले, वडिलांचं आता लष्कर भागात बॅटऱ्यांचं दुकान. बोलायला अगदी कमी. वर्गात ती आहे की नाही, हे हजेरी घेतानाच कळायचं. तिचं मराठी आमच्याकडच्या सगळ्या तरुण मुलांचं असतं तसं, अर्ध्या वाक्यात हिंदीत उतरणारं. मी टोकायची, पण माझंही काही फार निराळं नाही.

आता कुलपाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सर्वेक्षणात घरं आधीच ठरलेली असतात. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर काय करायचं? शास्त्र सांगतं, तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळांना परत जा. तरीही कोणी भेटलं नाही तर मगच दुसरं घर घ्या. मी हे वर्षानुवर्षं शिकवत आले. पण त्या वेळी मार्च अखेर जवळ आली होती, अहवाल मार्चमध्येच हवा होता, आणि संध्याकाळ झाली की मुलींच्या घरून फोन सुरू व्हायचे. कार्यालय दहाला उघडणार, टॅब वाटले जाणार, मुलं अकराला टेकडीवर पोचणार आणि चारला उतरणार. तीन फेऱ्या कुठून बसवणार? मी म्हटलं, या वेळी एकदाच बघा. कुलूप दिसलं की उजवीकडचं पुढचं घर. टॅबमध्ये तशी सोयही करून घेतली. "घर बंद" हे बटण दाबलं की टॅब आपण होऊन पुढच्या घराचा नंबर द्यायचा. माझ्या संमतीनं.

आठ दिवसांत काम झालं. बहुतेक बायकांनी सांगितलं होतं, पाळणाघराची गरज नाही, आम्ही घरीच असतो, मुलं आमच्याजवळ असतात. खोट्या फॉर्मांसाठी मी सगळं चाळून पाहिलं. वयं चाळीस, पन्नास, पंचेचाळीस. मुलं प्रामाणिक होती, मला समाधान वाटलं. अहवाल लिहिला, शिफारस केली की पाळणाघर बंद करून खोली शिलाईवर्गाला द्यावी, आणि खाली सही केली. छापून प्रती आल्या. सोमवारी बैठक होती.

शुक्रवारी दुपारी केतकी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, वो जो बंद घर होते, त्यांचं रिपोर्टमध्ये काय केलं?"

"त्यांच्या जागी पुढची घरं घेतली. तूच घेतलीस की."

"पण आत मुलगी होती."

मला आधी समजलंच नाही. कुठल्या घरात, कोण मुलगी?

"मंदिरामागच्या गल्लीत हिरव्या दाराचं घर आहे. बाहरून ताला होता. मी बटण दाबलं, निघाले, तर खिडकीतून आवाज आला, दीदी, मम्मी काम पे गई है. सहा वर्षांची असेल, मॅडम. कडेवर छोटी बहीण होती. मी दोन मिनिटं बोलले तिच्याशी."

"मग?"

"मग काय, आगे बढ़ गई. अठराच्या खालच्यांची मुलाखत घ्यायची नाही, असं तुम्हीच शिकवलं ना."

माझा पारा चढला. खरं तर मी घाबरले होते, पण माझ्याकडे भीतीही रागाच्या वेषात येते. मी म्हटलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस? अहवाल छापून झाल्यावर आता काय उपयोग?"

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. "मॅडम, मी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी शेऱ्यात लिहिलं. आपने ही कहा था, जो फॉर्म में नहीं समाता, ते शेऱ्यात लिहा. आपने पढ़ा नहीं क्या?"

आमचे पूर्वज दरबारात कारकुनी करणारे आणि तिचे लढाया करणारे. त्या दुपारी तिनं नीट लिहून ठेवलेलं होतं आणि भांडत मी होते. तिला जेवून यायला सांगितलं आणि राजावतजींना हाक मारली. राजावतजी आमचे संगणकाचे आणि टॅबचे जाणकार.

शेरा हा प्रत्येक फॉर्मच्या शेवटचा रकाना. काही वेगळं दिसलं, ऐकलं, खटकलं तर तिथे मोकळं लिहायचं. कागदी फॉर्म होते तेव्हा मी तो रकाना सगळ्यांत आधी वाचायची. टॅब आल्यावर समोर तक्तेच तयार होऊन येऊ लागले. शेरे कुठे जातात, हे मी कधी विचारलंच नाही.

राजावतजी म्हणाले, "मैडम, वो तो सॉफ्टवेयर टेबल में लेता ही नहीं. अलग फाइल में पड़ा रहता है. आज तक किसी ने माँगा नहीं." आणि त्यांनी ती फाइल उघडली.

मी वाचायला लागले. "ताला बाहर से, अंदर से आवाज आई." "खिड़की में दो बच्चे, बोले माँ शाम को आएगी." "पड़ोसन ने बताया रोज़ ऐसे ही बंद करके जाती है." केतकीचा शेरा होता, इतरांचेही होते. आठही जणांनी लिहिलं होतं. कोणी हिंदीत, कोणी मोडक्या इंग्रजीत, केतकीनं मराठीत. एक शेरा असा होता, "ताला बाहर, बच्चा अंदर. पानी माँगा. खिड़की से अपनी बोतल दे दी." हा लिहिणारा मुलगा वर्गातला सगळ्यांत वात्रट, त्याला मी दोनदा बाहेर काढलं होतं.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी शिकवलेलं सगळं त्या आठ जणांनी केलं होतं आणि माझं एकटीचं काम राहून गेलं होतं. ज्यांना पाळणाघर हवं होतं त्या बायका कामावर गेल्या होत्या म्हणून घराला कुलूप होतं. घराला कुलूप म्हणून आम्ही शेजारी विचारलं. आणि शेजारी भेटली ती घरी असणारी बाई, जिला पाळणाघराची गरज नव्हती. ज्यांच्यासाठी प्रश्न विचारला त्यांनाच आम्ही एकेक करून यादीतून काढून टाकलं होतं. सोमवारी माझ्या सहीवर ती खोली बंद होणार होती.

शनिवारी सकाळी सव्वासहाला केतकीच्या स्कूटीवर मागे बसून मी टेकडीच्या पायथ्याशी पोचले. चढताना दम लागला, दोनदा थांबले. हिरव्या दाराच्या घरासमोर एक तिशीची बाई कुलूप लावत होती. तिचं नाव रामश्री.

"काए बहनजी, सर्वे वाली हो? तुम लोग तो ग्यारह बजे आते हो. हम ग्यारह बजे मिलते ही नहीं."

मी म्हटलं, म्हणूनच आज आत्ता आले. थोडा वेळ मिळेल का? म्हणाली, चालता चालता विचारा, उशीर होतोय. चौतीस वर्षांत मी उभ्यानं, बसून, भांडी घासणाऱ्या बाईशेजारी उकिडवं बसून मुलाखती घेतल्या, पण टेकडी उतरत पहिल्यांदाच. तिला सिटी सेंटरला तीन घरची कामं होती. कुठल्या कॉलनीत, तर आमच्याच कार्यालयाच्या मागच्या. रोज ती आमच्या जिन्यासमोरून जात होती.

"नीचे पालनाघर है तो सही. बच्चियों को वहाँ क्यों नहीं छोड़तीं?" मी विचारलं.

"दस बजे खुलता है बहनजी. दस बजे तक तो हम दूसरे घर के बर्तन कर चुकते हैं. छह बजे खुले तो हम सबसे पहले छोड़ें."

"और ताला?"

तिनं हातातली किल्ली पदराला बांधली. मग म्हणाली, "खुला छोड़ें तो मोड़ी सड़क पर उतर जाए. नीचे ट्रक चलते हैं. शौक से कोई बंद करता है क्या?" आमच्याकडे मोडी म्हणजे मुलगी. तिच्या आवाजात चीड होती आणि ती मला पटली.

पायथ्याशी ती टमटममध्ये बसून गेली. मागे वळून पाहते तर केतकी माझ्यासोबत उतरलेलीच नव्हती. पुन्हा टेकडी चढले. ती हिरव्या दाराच्या पायरीवर बसून खिडकीतल्या मुलीशी गप्पा मारत होती. संशोधकानं विचारायचं, लिहायचं आणि निघायचं, गुंतायचं नाही, असं मी नेहमी बजावत आले. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "मॅडम, नियम मला माहीत आहे. शेजारच्या काकी दहा वाजता येतील, तब तक मी इथेच बसते." मीही तिच्याशेजारी बसले. आतली मोठी मुलगी धाकटीला झोपवत होती आणि आम्हाला म्हणाली, हळू बोला.

सोमवारच्या बैठकीला सेवाभावी संस्थेचे सचिव होते, देणगीदारांकडून भोपाळहून आलेल्या एक बाई होत्या आणि आमचे संचालक होते. माझी पाळी आल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "हा अहवाल चुकीचा आहे. मी तो परत घेते."

संचालकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सचिव म्हणाले, शिलाईची मशीनं येऊन पडली आहेत. भोपाळच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "क्या लड़कों ने फॉर्म घर बैठकर भर दिए?"

खरं सांगते, क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. सगळ्यांना ते लगेच पटलं असतं. आमच्या धंद्यात नवी पोरं खोटे फॉर्म भरतात, हे कोणालाही नवीन नाही. मी निवृत्त होऊन सुखानं घरी गेले असते आणि आठ मुलांच्या नावापुढे कायमची फुली पडली असती. दारापाशी केतकी कागदांचा गठ्ठा घेऊन उभी होती. तिनं तो प्रश्न ऐकला होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "नहीं. बच्चों ने सब सच लिखा है. मैंने पढ़ा नहीं." आणि केतकीकडून गठ्ठा घेऊन शेरे वाचून दाखवायला सुरुवात केली. पाण्याच्या बाटलीचा शेरा वाचल्यावर भोपाळच्या बाई म्हणाल्या, "रुकिए." समोरचा छापील अहवाल त्यांनी मिटून बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, नव्यानं करायला किती दिवस लागतील? मी आठ दिवस मागितले.

आठ दिवस मागणं सोपं होतं. मुलींना पहाटे साडेपाचला घराबाहेर काढायचं, यासाठी मला घरोघर फोन करावे लागले. केतकीच्या वडिलांना मी पाच मिनिटं समजावत होते, सुरक्षा, सोबत, सामाजिक महत्त्व वगैरे. ते सगळं ऐकून म्हणाले, "काकू, जायला माझी ना नाही. पण ती पाच वाजता उठते का, ते तुम्ही बघा. आमच्यानं तर झालं नाही." ती आठही दिवस माझ्याआधी पोचली. वात्रट मुलगा रोज दोन बाटल्या पाणी घेऊन यायचा.

या वेळी आम्ही फक्त बंद घरांकडे गेलो. सकाळी सहा ते आठ, आणि दिवेलागणीच्या वेळी. कुलूप लावणाऱ्या आणि कुलूप उघडणाऱ्या बायकांना गाठलं. दुकानात पॅकिंग करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या. बहुतेकींनी रामश्रीसारखंच सांगितलं, पाळणाघर हवं, पण दहाला उघडणारं काय कामाचं? पाळणाघराची वेळ ठरवताना कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. ती कार्यालयाची वेळ होती आणि आम्ही आमच्या कार्यालयाच्या वेळेत जाऊन तिची तपासणी करून आलो होतो.

नवा अहवाल अकरा पानांचा झाला. शेवटी सगळे शेरे जसेच्या तसे, मुलांच्या नावांसकट छापले. पाळणाघर बंद झालं नाही. एक वर्ष सहा वाजता उघडून बघू, असं ठरलं. दोन्ही मदतनीस लांबून यायच्या, त्यांना सहाला पोचणं जमेना, तेव्हा वस्तीतल्याच दोन वयस्क बायकांना घेतलं. शिलाईची मशीनं दुसरीकडे गेली. मात्र त्या सेवाभावी संस्थेनं आमच्या संस्थेला पुन्हा काम दिलं नाही. संचालकांनी निरोपाच्या भाषणात माझ्या सचोटीबद्दल एक वाक्य आणि माझ्या स्वभावाबद्दल तीन वाक्यं उच्चारली. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही.

केतकी आता आमच्या संस्थेत नव्या मुलांना शिकवते. टॅब जमा करण्याआधी रोज संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसायचं आणि आपापले शेरे मोठ्यानं वाचायचे, असा तिचा दंडक आहे. तीन फेऱ्यांच्या नियमात ती कोणाचं ऐकत नाही, मार्च अखेर असली तरी. मागच्या वर्षी तिनं मला वर्गात बोलायला बोलावलं. मी कुलपाची गोष्ट सांगितली, माझी चूक होती हेही सांगितलं. एका मुलानं विचारलं, "मॅडम, पण तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?" मी म्हटलं, वाटली, म्हणून तर ओरडले. मागच्या बाकावर केतकी हसली. तिला मी हसताना फार कमी पाहिलं आहे.

त्या दिवशी वर्ग दुपारी होता. पण मी सकाळीच निघाले आणि आधी टेकडीकडे गेले. पाळणाघराच्या दाराशी चपलांची इतकी दाटी होती की मला आत पाय ठेवता आला नाही, बाहेरूनच पाहिलं. मग हळूहळू वर चढले. आठ वाजत आले होते. हिरव्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या काकी उन्हात बसून मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "कोऊ नहीं है बहनजी. सब गए." मला पाळणाघराच्या दारातल्या चपलांवर विश्वास होता, काकींवरही होता. तरी मी वाकले आणि खिडकीतून हाक मारली. थोडं थांबून पुन्हा एकदा मारली. आतून कोणीच बोललं नाही.